२५ वॅटचा मॉडेलिंग अ‍ॅम्प, ८ इंची स्पीकर: टोन अडकतो कुठे?

प्रश्न असा आहे: दीड वर्षापूर्वी २५ वॅटचा, ८ इंची स्पीकरचा मॉडेलिंग (म्हणजे नावाजलेल्या अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) अ‍ॅम्प घेतला. हेडफोन लावला की आवाज बरा वाटतो. स्पीकरवर मात्र डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) डब्यात माशी कोंडल्यासारखं भणभणतं, क्लीन (न फाटलेला) टोन कानाला टोचतो, आणि ड्रमसोबत वाजवायला बसलं की गिटार ऐकूच येत नाही. हा विकून ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) अ‍ॅम्प घ्यावा का?

विकू नका, निदान इतक्यात तरी नको. गेली वीसेक वर्षं मी गिटार शिकवतोय, ऑर्केस्ट्रात आणि नाटकांच्या प्रयोगांत वाजवतोय. या काळात विद्यार्थ्यांचे असे पुष्कळ छोटे अ‍ॅम्प हाताखालून गेले. त्यांत खरोखर टाकाऊ फार थोडे निघाले. बाकीच्यांमध्ये चांगला टोन होता, पण त्याच्यावर इतक्या गोष्टी चढवलेल्या होत्या की तो दिसत नव्हता. तुमचा कोणत्या कंपनीचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण फेंडर मस्टँग एलटी असो, ब्लॅकस्टार आयडी कोअर असो, लाइन ६ स्पायडर असो की बॉस कटाना, पुढे सांगतोय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडतं.

अ‍ॅम्पला हात लावण्याआधी तो ठेवलाय कुठे ते बघा. मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याचा फोन आला, ‘सर, स्पीकर फाटला.’ त्याच्या घरी गेलो. अ‍ॅम्प हॉलच्या कोपऱ्यात, थेट लादीवर, दोन्ही भिंतींना चिकटून. त्याने खालची ई तार मोकळी वाजवली आणि खरंच ‘झर्र’ असा आवाज आला. मी त्याला तीच तार पुन्हा पुन्हा वाजवायला सांगितलं आणि खोलीत एकेका वस्तूवर हात ठेवत गेलो. शोकेसच्या सरकत्या काचेवर तळवा टेकवला आणि झर्र बंद. स्पीकर ठणठणीत होता, काच वाजत होती. मग अ‍ॅम्प उचलून एका लाकडी स्टुलावर ठेवला, भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढला आणि बासचा नॉब ७ वरून ४ वर आणला. त्या पोराने दोन कॉर्ड वाजवले आणि माझ्याकडे बघतच राहिला.

यात जादू नाही. स्पीकर जमिनीला आणि भिंतीला जितका जवळ, तितके खालचे स्वर फुगतात. कोपऱ्यात तर सर्वांत जास्त. ८ इंची स्पीकर मुळात खालच्या स्वरांसाठी लहान असतो, त्यात कोपऱ्याने फुगवलेला तो गुबगुबाट. तो ऐकून आपण ट्रेबल वाढवतो, आणि तिथेच फसतो. कारण वरचे स्वर स्पीकरच्या मधोमधून टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. अ‍ॅम्प जमिनीवर असेल आणि आपण उभे राहून वाजवत असू, तर तो झोत आपल्या पोटऱ्यांवर पडतो. कानाला वाटतं आवाज बोथट आहे, म्हणून ट्रेबल ८ वर नेतो. मग दमून पलंगावर बसलो की तोच झोत थेट कानात येतो आणि टोचतो. तुमचा क्लीन टोन टोचतोय तो बहुधा असाच.

म्हणून आधी अ‍ॅम्प स्टुलावर किंवा खुर्चीवर ठेवा, किंवा पुढच्या बाजूखाली लाकडाचा ठोकळा देऊन तोंड वर करा. स्पीकरचा मध्य कानाच्या दिशेने यायला हवा. तुम्ही साताठ फुटांवर बसा. खोलीत नुसती लादी आणि उघड्या भिंती असतील तर मध्ये सतरंजी टाका. हे सगळं करून झाल्यावरच नॉबना हात लावा, कारण चुकीच्या जागी ठेवलेल्या अ‍ॅम्पवर लावलेलं प्रत्येक सेटिंग त्या जागेची भरपाई करत बसलेलं असतं.

हेडफोनमध्ये बरं का वाटतं, तेही यातच आलं. तिथे खोली नाही, कोपरा नाही, ८ इंची कागदी कोनही नाही. मॉडेलने तयार केलेला आवाज सरळ कानात जातो. याचा अर्थ अ‍ॅम्पचं डोकं शाबूत आहे, अडचण बाहेर पडण्याच्या वाटेवर आहे. ही मोठीच चांगली बातमी आहे.

आता प्रीसेट, म्हणजे यंत्रात साठवून ठेवलेली सेटिंग. कंपनीने भरून दिलेले प्रीसेट दुकानात दहा मिनिटांत गिऱ्हाईकाला जिंकण्यासाठी केलेले असतात. एकट्याने वाजवताना भव्य वाटावं म्हणून बास भरपूर, ट्रेबल भरपूर, मध्य खाली दाबलेला, गेन (आवाज फाटवणारा नॉब) वरपर्यंत, आणि वर रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी), कोरस असल्या इफेक्टचा थर. त्यांच्यात फेरफार करून चांगला टोन काढणं म्हणजे तिखट जास्त झालेल्या आमटीत पाणी ओतत बसणं. त्यापेक्षा आमटी नव्याने फोडणीला घाला. एक रिकामा प्रीसेट निवडा. स्टॉम्प, मॉड्युलेशन, डिले, रिव्हर्ब, नॉइज गेट (खरखर दाबणारं), सगळं बंद करा. फक्त अ‍ॅम्प मॉडेल ठेवा, आणि तेही फेंडर धाटणीचं साधं क्लीन. वेगवेगळ्या यंत्रांवर त्याला ‘डिलक्स’, ‘ट्विन’ किंवा नुसतं ‘क्लीन’ म्हटलेलं असतं. पुढचे पंधरा दिवस हाच तुमचा अ‍ॅम्प. बाकीची वीस-तीस मॉडेलं नाहीतच असं समजा.

सुरुवातीला गेन ३ वर, मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) तुम्ही रोज जेवढ्या आवाजात वाजवता तेवढा. ही आवाजाची गोष्ट नीट लक्षात घ्या. आवाज लहान असतो तेव्हा आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, मधले मात्र नीट येतात. आवाज वाढला की खालचे-वरचे जास्त वेगाने वाढल्यासारखे वाटतात. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं, आणि गिटार वाजवणारा प्रत्येक जण हे एकदा तरी ठेच लागून शिकतो. रात्री दहा वाजता शेजाऱ्यांच्या भीतीने कुजबुजत्या आवाजात लावलेला गोड टोन रविवारी प्रॅक्टिस रूममध्ये मास्टर वाढवला की गुरगुरतो आणि किंचाळतो, तो यामुळे. म्हणून घरचा प्रीसेट वेगळा आणि ड्रमसोबतचा वेगळा. दुसरा प्रीसेट प्रॅक्टिस रूममध्येच, त्या आवाजावरच लावायचा. घरी अंदाजाने लावून नेऊ नका.

नॉब लावताना मी डोळ्यांनी बघत नाही. तुम्हीही आकड्यांवर जाऊ नका. बास शून्यावर आणा आणि खालच्या दोन तारांवर एखादी साधी चाल वाजवत हळूहळू वर न्या. ज्या क्षणी तारेला ‘अंग’ आलं असं वाटेल तिथे थांबा. पुढे गेलात की अंग जाऊन नुसती सूज राहते. ८ इंची स्पीकरवर हे बहुतेक वेळा ३ ते ४ च्या मध्ये येतं. ट्रेबलही तसंच, पण वरच्या दोन तारांवर आणि ब्रिज पिकअपवर (तारांखालच्या चुंबकी पट्ट्यांपैकी तारा अडकवलेल्या टोकाजवळची). सर्वांत टोचणारा पिकअप सुसह्य झाला की बाकीचे आपोआप जागेवर येतात. मिड (मधल्या स्वरांचा नॉब) मात्र उलट: ५ च्या खाली नेऊच नका, ६-७ पासून सुरुवात करा.

मिडबद्दल जरा थांबतो, कारण ‘बँडमध्ये ऐकू येत नाही’ याचं उत्तर इथेच आहे. जुन्या फेंडर अ‍ॅम्पमध्ये बास, मिड, ट्रेबल तिन्ही मधोमध ठेवले म्हणजे आवाज सपाट झाला असं नसतं. ते सर्किटच असं आहे की तिन्ही ५ वर असताना चार-पाचशे हर्ट्झच्या आसपास चांगला खड्डा पडतो. सपाटच्या जवळ जायचं तर बास आणि ट्रेबल खाली पाडून मिड पूर्ण वर न्यावा लागतो. नीट बनवलेल्या मॉडेलमध्ये हा स्वभाव जसाच्या तसा उतरलेला असतो. म्हणजे तुम्ही निरागसपणे सगळं ५ वर ठेवलंत तरी मध्य आधीच खाली आहे, आणि त्यात तुम्ही मिड ३ वर नेलात तर गिटारचा प्राणच काढून घेतलात.

गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा. त्या भागात बास गिटार आणि किक ड्रम आधीच बसलेले आहेत. वर झांजा आहेत. गिटारला स्वतःची म्हणून जी जागा उरते ती साधारण ५०० ते ३००० हर्ट्झमधली. मिड कमी केलात म्हणजे स्वतःची जागा सोडून दुसऱ्यांच्या जागेत घुसलात, आणि तिथे तुमचा ८ इंची स्पीकर बास गिटारच्या अ‍ॅम्पपुढे टिकणार नाही. एका मंडळाच्या कार्यक्रमाआधीच्या तालमीत माझ्या शेजारचा मुलगा रडकुंडीला आला होता. मास्टर १० वर, तरी कुणाला काही ऐकू येईना. मी त्याचा बास ६ वरून ३ वर, मिड ४ वरून ७ वर आणि मास्टर १० वरून ७ वर आणला. ड्रमर मागे वळून म्हणाला, ‘आत्ता आली गिटार.’ एकट्याने वाजवून बघितलं तर तोच टोन थोडा नाकातला, पत्र्यासारखा वाटेल. वाटू द्या. बँडमध्ये त्याच्या खाली बास गिटार येऊन बसते आणि तो भरून निघतो.

वॅटबद्दलही इथेच सांगतो. २५ चे ५० वॅट केले तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकी. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात. त्यामुळे ‘ऐकू येत नाही’ यावर जास्त वॅटचा अ‍ॅम्प हा इलाज क्वचितच असतो. स्पीकर ८ ऐवजी १२ इंची असणं याने मात्र खूप फरक पडतो.

मॉडेल बदललंत की नॉबचा स्वभावही बदलतो, हेही ध्यानात असू द्या. व्हॉक्स एसी३० च्या धाटणीच्या मॉडेलमध्ये ‘कट’ नावाचा नॉब असेल तर तो जितका वाढवाल तितका वरचा स्वर कमी होतो. उलटा चालतो. फेंडर डिलक्स रिव्हर्बच्या मूळ अ‍ॅम्पवर मिडचा नॉबच नव्हता, फक्त ट्रेबल आणि बास. मॉडेलमध्ये तो वरून जोडून दिलेला असतो. जुन्या मार्शलमध्ये वेगळा मास्टर नव्हता, व्हॉल्यूम वाढवला की अ‍ॅम्प आपोआप डिस्टॉर्शन द्यायला लागायचा. मॉडेलमध्ये गेन आणि मास्टर वेगळे करून दिल्यामुळे आपण गेन १० वर नेतो.

यावरून भणभणीकडे येऊ. सगळ्यात आधी गेन अर्धा करा. रेकॉर्डवर आपण जो जाड, भरलेला डिस्टॉर्शनचा आवाज ऐकतो त्यात गेन आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ कमी असतो. तो जाड वाटतो कारण तोच भाग दोन-दोनदा वाजवून डावी-उजवीकडे लावलेला असतो आणि खाली बास गिटार असते. एकाच छोट्या स्पीकरवर ती जाडी गेन वाढवून आणायला गेलात तर हातात फक्त भणभण येते. प्लेक्ट्रमचा आघात निघून जातो, कॉर्डमधले स्वर एकमेकांत कालवले जातात आणि तुम्ही हळू वाजवा की जोरात, आवाज तेवढाच राहतो. माझी कसोटी साधी आहे: पूर्ण सहा तारांचा ई मायनर कॉर्ड वाजवा आणि त्यातली मधली ‘G’ (तिसरी) तार वेगळी ऐकू येते का बघा. येत नसेल तर गेन अजून खाली.

डिजिटल अ‍ॅम्पमध्ये भणभणीचं आणखी एक खास कारण असतं. डिस्टॉर्शन म्हणजे मूळ स्वरावर नवे वरचे स्वर चढणं. यंत्र सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेत असेल तर २२,०५० हर्ट्झच्या वरचे स्वर त्याला मांडताच येत नाहीत. ते आरशावर आपटल्यासारखे उलटे फिरून खाली येतात आणि तुमच्या स्वराशी काही नातं नसलेल्या जागी जाऊन बसतात. महागडी यंत्रं आतल्या आत कितीतरी जास्त नमुने घेऊन हे टाळतात, स्वस्त यंत्रात तेवढी ताकद नसते. हे तुम्हाला स्वतः ऐकता येईल. गेन भरपूर ठेवा, पहिल्या तारेवर सतराव्या फ्रेटवर स्वर धरा आणि तार हळूहळू ओढून वर चढवा. मूळ स्वर वर जात असताना मागे एखादी बारीक शीळ खाली उतरताना ऐकू आली तर ती हीच. एकदा कानाने पकडली की ती नेहमी ऐकू येते. तिला पूर्ण घालवता येत नाही, पण गेन कमी केला की ती झपाट्याने मावळते, कारण वरचे स्वर मुळात कमीच तयार होतात.

राहिलेली भणभण वरून कापायची. गिटारचा १२ इंची स्पीकर ५००० हर्ट्झच्या वर फारसं काही देतच नाही, आणि ट्यूब अ‍ॅम्पचा जो गोडवा आपण म्हणतो त्यात या कापणीचा मोठा वाटा आहे. तुमच्या अ‍ॅम्पच्या मोबाइल किंवा कंप्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये इक्यू (वेगवेगळे स्वर कमी-जास्त करायची सोय) असेल तर ५-६ हजार हर्ट्झच्या वर आणि ८०-१०० हर्ट्झच्या खाली कापा. सोय नसेल तर प्रेझेन्स (सर्वांत वरच्या स्वरांचा नॉब) कमी करा आणि गिटारवरचा टोन नॉब १० वरून ७ वर आणा. गिटारवरचे नॉब फिरवायला मुलं का घाबरतात मला कळत नाही. ते फिरवण्यासाठीच दिलेले आहेत.

सॉफ्टवेअर उघडलंतच आहे तर कॅबिनेटचं (स्पीकरच्या पेटीचं) मॉडेल बदलून बघा. ८ इंची स्पीकरच्या अ‍ॅम्पवर चार स्पीकरचं मोठं कॅबिनेट निवडलं की बास आणखी फुगतो. एक १२ इंची स्पीकरवाली छोटी कॅबिनेट निवडा, बऱ्याचदा धूसरपणा तिथल्या तिथे उतरतो. सॅग, बायस वगैरे आहेत तसे राहू द्या. आणि यंत्राचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. कधीकधी मॉडेलंच सुधारून मिळतात.

सोलोसाठी जास्त दम हवा असेल तर गेन वाढवण्याऐवजी हलक्या तुटणाऱ्या (थोडंसं डिस्टॉर्शन देणाऱ्या) मॉडेलच्या पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल लावा. आयबनेझच्या हिरव्या ट्यूब स्क्रीमरची नक्कल जवळपास प्रत्येक मॉडेलिंग अ‍ॅम्पमध्ये असते, कुठल्या नावाने ते बघा. ड्राइव्ह १ किंवा २, लेव्हल ७-८. ते पेडल बास थोडा गाळतं आणि सातशे हर्ट्झच्या आसपासचा मध्य पुढे ढकलतं, नेमकं छोट्या स्पीकरला जे हवं असतं ते. माझ्या मते स्वस्त अ‍ॅम्पवर या एका जोडीइतकं उपयोगी काही नाही.

इफेक्टबद्दल फार लिहीत नाही. रिव्हर्ब वाढवत न्या, जाणवला की तिथून थोडा मागे घ्या. डिले गाण्याच्या लयीत ठेवा: ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाला किती मात्रा त्या आकड्याने) भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२० च्या लयीला ५००, आणि पाऊण मात्रेचा डिले हवा असेल तर ३७५. कोरस आणि फ्लँजर गाण्यात गरज असेल तेव्हाच.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट गिटारच्या बाजूला आहे. मॉडेलिंग अ‍ॅम्प गिटारमधून जे येतं त्यावरच काम करतो, आणि स्वस्त गिटारवर कारखान्यातून पिकअप बरेचदा तारांना फार जवळ लावून येतात. शेवटच्या फ्रेटवर सहावी तार दाबा. १ मिलिमीटर जाडीची दोन प्लेक्ट्रम एकावर एक ठेवून तार आणि पिकअपच्या मध्ये सरकवा. ती जेमतेम जावीत. अडत असतील तर बाजूचे स्क्रू फिरवून पिकअप खाली घ्या. पहिल्या तारेकडे किंचित जवळ चालतो. जवळ असलेला पिकअप अ‍ॅम्पच्या तोंडावर इतका जोरात आदळतो की क्लीन मॉडेलही किरकिरतं, आणि दोष अ‍ॅम्पला मिळतो. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपमध्ये तर चुंबकाच्या ओढीने खालच्या तारा बेसूर लागतात.

तारा शेवटच्या कधी बदलल्या होत्या? मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत त्या लवकर गंजतात, आणि मेलेल्या तारांचा टोन कुठल्याही ट्रेबलने उठत नाही. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसत जा.

मग गिटारचा व्हॉल्यूम नॉब. हलक्या क्रंचच्या (थोड्या डिस्टॉर्शनच्या) मॉडेलवर गेन असा लावा की व्हॉल्यूम १० वर असताना जोरात वाजवलं तर आवाज तुटेल. आता व्हॉल्यूम ६ वर आणा. आवाज बराचसा साफ व्हायला हवा. हा एक प्रीसेट तुम्हाला ऱ्हिदम, क्रंच आणि लीड तिन्ही देतो, पायाने काही दाबावं लागत नाही. १९९६ मध्ये लाइन ६ ने पहिला मॉडेलिंग अ‍ॅम्प बाजारात आणला तेव्हापासून या यंत्रांवर टीका होत आली ती हीच, की ती हाताला आणि नॉबला साथ देत नाहीत. आजच्या स्वस्त यंत्रांनीही हे अंतर बरंच कापलंय. पण गेन ९ वर आणि नॉइज गेट करकचून आवळलेला असेल तर कुठलंच यंत्र साथ देणार नाही.

नॉइज गेट आवळण्याआधी खरखर कुठून येते ते शोधा. पंखा बंद करून बघा. काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट तोडून वेग कमी करतात, आणि ती तोडमोड सिंगल कॉइल पिकअप सरळ उचलतो. मोबाइलचा चार्जर, एलईडी डिमर, कंप्युटरचा स्क्रीन यांच्याकडे पाठ फिरवून बसा, जागच्या जागी थोडं वळून बघा. एका कोनात गुणगुण एकदम कमी होते. तारांना हात लावला की खरखर जराशी कमी होणं हे नेहमीचं आहे. पण बोटांना झिणझिण्या आल्या तर लगेच हात काढा, अ‍ॅम्प बंद करा आणि सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मांडवातल्या स्टेजवर तर याबाबत अजिबात चालढकल नको. हातात गिटार आणि ओठांजवळ माइक असतो.

स्टेजवरून आठवलं. छोटा अ‍ॅम्प मोठ्या कार्यक्रमात वापरायचा असेल तर त्याच्या हेडफोन आउटमधून मिक्सरला जाता येतं, कारण बहुतेक अ‍ॅम्पमध्ये तिथे कॅबिनेटचं मॉडेल लागलेलं असतं. पण केबल जपून निवडा. हेडफोन आउट स्टिरिओ असतो. त्यातून साधी स्टिरिओ केबल मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो, आणि दोन्हींत गिटार एकच असल्यामुळे ती जवळजवळ नाहीशी होते. उरतो तो फक्त स्टिरिओ रिव्हर्बचा धूर. साउंडवाल्याशी यावरून वाद झालेले मी पाहिलेत, आणि दोघांपैकी कुणाचीच चूक नव्हती. एका टोकाला स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक अशी केबल न्या आणि त्यातला फक्त डावा लावा. मिक्सरला जाणाऱ्या प्रीसेटमध्ये बास अजून थोडा कमी ठेवा. हेडफोन लावला की अ‍ॅम्पचा स्पीकर बंद होतो, तेव्हा स्वतःला ऐकायला मॉनिटर मागून घ्या.

आता ट्यूब अ‍ॅम्प. फेंडर डिलक्स रिव्हर्ब फक्त २२ वॅटचा आहे, म्हणजे कागदावर तुमच्यापेक्षाही लहान. पण तो ज्या आवाजावर गोड तुटायला लागतो तो आवाज फ्लॅटमध्ये पाच मिनिटंही कुणी चालवून घेणार नाही. तुम्ही तो २ वर ठेवाल आणि ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले ती कधीच ऐकणार नाही. घरी वाजवणाऱ्याला मॉडेलिंग अ‍ॅम्पच जास्त सोयीचा, हे मी ट्यूब अ‍ॅम्पवर मनापासून प्रेम असूनही सांगतोय.

त्या पंधरा दिवसांनंतर महिनाभर एकच क्लीन मॉडेल आणि एकच क्रंच एवढ्यावरच वाजवा. आठवड्यातून एकदा अ‍ॅम्पपासून सहा-सात फुटांवर मोबाइल ठेवून दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. त्यानंतरही ड्रमसोबत कमी पडलं, तर १२ इंची स्पीकरचा ५० वॅटचा मॉडेलिंग अ‍ॅम्प बघा. दुकानात स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जा, सगळे इफेक्ट बंद करायला सांगा, अ‍ॅम्प आधी जमिनीवर आणि मग खुर्चीवर ठेवून ऐका, आणि तुमच्या क्रंच सेटिंगवर तो ई मायनर वाजवून मधली ‘G’ तार ऐकू येते का ते बघा.